झाकलेलं दार

शिराळ्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या जुन्या गोदामाचं प्रशिक्षण केंद्र करायचं काम मला मिळालं. तोवर मी साताऱ्यात घरं आणि दोन-तीन दवाखाने सजवले होते. एवढं मोठं काम पहिलंच. आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. मालक कमी बोलायचे. नकाशा पाहताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत.

गोदामाला दोन दारं होती. एक पुढचं मोठं, आणि एक मागच्या भिंतीत, उसाच्या शेताकडं उघडणारं लोखंडी. मालकांनी त्यावर बोट ठेवलं. "हे गंजकं दार पाहुण्यांना दिसता कामा नये. भिंत सलग पाहिजे."

जिथं माणसं बसणार त्या खोलीला दुसरी वाट हवी, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी एवढंच म्हणाले, "करते, सर." घरी येऊन दार नकाशातून पुसलं आणि त्या जागी आवाज शोषणारी निळी पॅनेलं आखली. पडद्यावरचं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून खिडक्याही बुजवल्या.

केंद्र चालवायला मालकांनी पाटणकडचे एक निवृत्त सुभेदार नेमले होते. पॅनेलं लागल्यावर ते भिंतीपुढं उभे राहिले.

"ताई, हितं दार हुतं न्हवं?"

"मागं आहे. झाकलंय."

"आन् गरज लागली तर?"

"पुढचं दार मोठं आहे की."

ते पॅनेलांवर बोटांनी ठोकून बघू लागले. त्या दिवसापासून एसटीत डोळे मिटले की मला ती खोली माणसांनी गच्च भरलेली दिसायची. दरवेळी ठरवायचे, उद्या मालकांशी बोलायचं. दरवेळी त्यांचा चेहरा आठवायचा आणि मी गप्प बसायचे.

उद्घाटनाच्या आधी एक वर्ग घेऊन बघायचं ठरलं. आजूबाजूच्या गावांतल्या वीस बायका आल्या होत्या, कारखान्यात पहिल्यांदाच कामाला लागणाऱ्या. शेवटच्या रांगेतून पडदा नीट दिसतो का, ते पाहायला मी मागं बसले होते. सुभेदार माप कसं घ्यायचं ते दाखवत होते. मला जळक्या प्लास्टिकचा वास आला. वाटलं, बाहेरून येत असेल. मग पुढच्या दारावरच्या छतातून काळा धूर खाली उतरू लागला.

दिवे गेले. छताचा एक तुकडा दारातच कोसळला आणि त्यातून ठिणग्या उडाल्या. बायका किंचाळत मागं सरकल्या. मागं नुसती भिंत होती. खिडकी कुठंच नव्हती. माझ्या दंडाला शेजारी बसलेल्या बाईनं इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली.

"समद्या खाली बसा. पदर नाकाला लावा," सुभेदारांचा आवाज आला. मग अगदी जवळून, "ताई, दार कुठाय? हात ठिवून दावा."

मला आठवेना. तो नकाशा मी शंभर वेळा पाहिला होता, आणि आता डोक्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मी कोपऱ्यापर्यंत सरपटत गेले आणि हातांनी पॅनेलांच्या फटी मोजू लागले. एक, दोन, तीन. चौथ्यावर हात मारला. "इथं."

त्यांनी बाक उचलून घातला. दोन घावांत प्लायवूड फुटलं. आत लोखंड लागलं, पण कडी हलेना. तेवढ्यात मला दुसरीच भीती शिवली: बाहेरून कुलूप तर नसेल? मी कधी मागच्या बाजूला जाऊन पाहिलंच नव्हतं. सुभेदारांनी बाकाच्या पायानं कडीवर ठोकलं. ती कुरकुरली आणि सरकली. उजेड एकदम डोळ्यांवर आला.

उसाच्या बांधावर मी बायका मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच. मी सुभेदारांना सांगितलं. सुभेदार ओलं फडकं तोंडाला बांधून परत आत शिरले. ते आत असताना विसावी सापडली. सगळ्यांत आधी बाहेर पडून ती नळावर गेली होती. मी दाराशी धावले आणि ओरडून त्यांना बाहेर बोलावलं. ते खोकत आले. छतात वायरचा जोड तापला होता, असं नंतर कळलं.

चार वाजता मालक आले. सगळं पाहून म्हणाले, "कुणाला काही झालं नाही ना? मग भिंत परत तशीच करून घ्या."

"दार उघडं राहील, सर," मी म्हणाले. "खिडक्याही उघडणार. नाहीतर मी हे काम करणार नाही."

"आन् मी शिकवनार न्हाई," सुभेदार म्हणाले.

मालक मागच्या दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "करा."

ते गेल्यावर मी सुभेदारांना सांगितलं, की दार पुसलं ते मीच. नको म्हणायची माझी हिंमत झाली नव्हती.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी तरी कुठं मालकास्नी इचारलं?"

महिन्याभरानं केंद्र सुरू झालं. एकोणीसच बायका आल्या. आली नाही ती माझा दंड धरणारी. मी तिचं गाव विचारत तिच्या घरी गेले. ती अंगणात धान्य निवडत होती. मला ओळखून तिनं पाट दिला, पाणी दिलं. मागचं दार आता मोठं केलंय, खिडक्या आहेत, असं मी तिला सांगत राहिले.

"चांगलं केलंसा, ताई," ती म्हणाली. "पन मी न्हाई येत. दार लावलं की छातीत धडधडतंय. आता घरातबी लावत न्हाई."

मी तिची माफी मागितली. तिला ती कशाबद्दल, हे कळलं नाही, आणि मला ते नीट सांगता आलं नाही. मी पाणी प्यायले आणि निघाले.