तळ्यातला एकशे एकविसावा

आमच्या खेळातले प्राणी आज विमानांवर रंगवलेले असतात, स्टेशनातल्या गोड पावांवर त्यांची तोंडं असतात, आणि माझी नात मला, हो, मला शिकवते की कुठला प्राणी कसा पकडायचा. मी निमूट ऐकतो. अगं कार्टे, तुझ्या बापाला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून पकडतोय मी त्यांना! पण कोण ऐकतंय. पहिल्या खेळातले एकशे वीस प्राणी तिला तोंडपाठ आहेत. एकशे एकविसावा तिला माहीत नाही, आणि तो काढणारी बाईही नाही.

ती इनुबुशी मियोको. कागावाची. तिकडे नद्यांना पाणी कमी, म्हणून भातशेतीसाठी जागोजागी तळी. टोकियोला आली ती चित्रं काढायला, आणि आमच्यासारख्या सहा येड्यांच्या तावडीत सापडली.

टोकियोच्या कडेला कोकुबुंजीत, तातामीच्या चटया विणणाऱ्या एकाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खालून गवताचा वास यायचा, वर आमच्या सिगारेटचा. आमचा म्होरक्या कुरामोची. त्याच्या डोक्यात एकच खूळ: शहरातल्या पोरांना किडे पकडायला जागा उरली नाही, ओढ्यांवर सिमेंट पडलं, तर सगळं रान पोरांच्या हातातल्या यंत्रात घालायचं. प्राणी पकडा, पिशवीत भरा, वाढवा, आणि तार जोडून मित्राशी अदलाबदल करा. खेळण्यांचे व्यापारी तोंडावर हसले. पाच वर्षं लागली. मी तपासनीस. दिवसभर खेळायचं आणि चुका काढायच्या. ऐकायला मजेचं वाटतं ना? एकाच झुडपात चारशे वेळा शिरून बघा, मग बोला.

मियोकोनं चाळीसेक प्राणी काढले. सगळ्यात शेवटी तिनं एक काढला तो पोरासारखा दिसायचा. छातीपर्यंत पाण्यात, केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं. आवाजवाल्याच्या शेजारी बसून त्याची हाकही तिनेच करून घेतली.

कुरामोचीनं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय गं? पोरं अंथरूण ओलं करतील. एकशे वीस बास झाले. काढून टाका त्याला."

आता आमच्याकडे काढून टाकायची पद्धत अशी. आज्ञावली लिहिणारा हानावा यादीतून फक्त नाव खोडायचा. चित्र आणि आवाज जागच्या जागी ठेवायचा, कारण सगळं एकामागे एक रचलेलं, आणि मियोकोचं ते चित्र मधल्या एका फटीत कोंबलेलं. मधलं एक उपसलं की मागचं सगळं सरकतं आणि पोपटाच्या जागी बेडूक येतो. नाव नाही म्हणजे कुणाला दिसणार नाही, विषय संपला, असं आम्ही धरून चाललो. शहाणेच होतो सगळे.

खेळ बाजारात आला. आधी कुणी विचारीना, मग एका पोराकडून दुसऱ्याकडे गेला आणि पोस्टकार्डांची पोती येऊ लागली. ती वाचायचं कामही माझ्याच गळ्यात. त्यात आकिताच्या एका मुलीचं कार्ड होतं: "तिसऱ्या गावच्या तळ्यात, पिशवी भरलेली असताना सात वेळा आतबाहेर केलं की एक मुलगा येतो. त्याला नाव नाही. त्याला पकडलं की आपले सगळे प्राणी नाहीसे होतात. माझा भाऊ दोन दिवस रडतोय."

मी करून पाहिलं. सातव्या खेपेला पडदा काळा झाला आणि तो आला. हाक दोनच सुरांची, पहिला खाली, दुसरा वर. वाट पाहायला लावली की आमचे प्राणी परत ओरडायचे, तसा तोही परत परत. मी मियोकोला बोलावलं. खाली दोन शब्द होते, पकड आणि पळ. तिनं माझ्या हातातून यंत्र ओढून पळवरचं बटण दाबलं आणि मोरीत जाऊन बसली.

मग अशी शेकडो कार्डं आली. शाळाशाळांतून बोभाटा झाला की त्या खेळात कोणीतरी बुडून मेलंय. कुरामोचीचं डोकं फिरलं. वीस तारखेला नवी आवृत्ती जायची होती. हानावानं तो पकडलाच जाणार नाही अशी दुरुस्ती करायची, मियोकोनं चित्र पुसायचं, असं ठरलं.

तीन दिवस ती नुसती पडद्यासमोर बसून होती. मी खवळलो. "अगं, छप्पन रांगा ठिपक्यांच्या! पुसायला तीन दिवस? लेकरं रडतायत तिकडे!"

"ताशिरो-सान," ती म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. शोहेई."

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. तिनं सांगितलं ते असं.

ती नऊ वर्षांची होती, तो सहाचा. ओबोनचे दिवस. घरी पितर आलेले, त्यांना बसून यायला काकडीचा घोडा दारात ठेवलेला. त्या दिवसांत पाण्याजवळ जायचं नाही, मेलेले पाय ओढतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही दोघं पाणकिडे पकडायला चोरून तळ्यावर गेली. ती बांधापलीकडे डबा घेऊन, तो अलीकडे. हाक आली, "ताई!" तिनं वळून पाहिलं. पाण्यात फक्त डोकं आणि उघडं तोंड. तो शोहेई आहे असं तिला वाटलंच नाही. तिला वाटलं, ते आलेत, आता आपल्याला ओढणार. ती धूम पळाली. घरी येऊन कोपऱ्यात बसली. तळ्यावर गेलो म्हटलं तर मार बसेल, म्हणून चकार शब्द बोलली नाही. संध्याकाळी लोकांनी त्याला बाहेर काढलं. एकटाच गेला, घसरला, असंच सगळे समजले.

"आईला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "हाक मी ऐकली होती. आता तुम्ही सांगताय, पुस."

मी थंड बार्लीचा चहा आणून ठेवला आणि हरामखोरासारखा जागेवर जाऊन बसलो. तिनं त्या दुपारी पुसलं. वरून सुरुवात केली. केस, मग डोळे. तोंड शेवटी.

"तपासून सांगा," ती म्हणाली. "काही उरलं का?"

मी तळ्यात उतरलो. सातव्या खेपेला पडदा काळा झाला, मग पांढरा. चित्र नव्हतं. पण हाक आली. आवाज पुसायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! खाली आता एकच शब्द होता: पळ. पोरांचे प्राणी जाणार नव्हते, तेवढं हानावानं नीट केलं होतं. मी यंत्राचा आवाज बारीक केला. सांगितलं असतं तर कुरामोचीनं ती हाकही तिच्याच हातानं पुसून घेतली असती. माझ्या जिवाला ते झेपेना. मी कागदावर लिहिलं, "काही नाही," आणि तिलाही तेच सांगितलं. त्या उन्हाळ्यात ती कित्येक वर्षांनी ओबोनला गावी गेली. मला वाटलं, चला, सुटली बिचारी.

पुढे आमचा खेळ जगभर गेला. दोन खोल्यांची सात मजली इमारत झाली, सहाशे माणसं झाली. मियोकोनं आणखी दीडेकशे प्राणी काढले, पण पाण्यात राहणारा एकही नाही. असा प्राणी वाट्याला आला की हाताखालच्या नव्या पोरासोरांच्या गळ्यात मारायची. आणि दर उन्हाळ्यात एकदोन कार्डं येत राहिली: तळ्यात कोणी दिसत नाही, पण हाक येते. ती मी खणात तळाशी दडपायचो.

यंदा ती निवृत्त झाली. मागच्या महिन्यात माझ्याकडे आली, गावाकडच्या उदोनच्या शेवयांचा पुडा घेऊन. चहा पिता पिता म्हणाली, "ताशिरो-सान, ती कार्डं कुठे ठेवलीत?"

मी कप खाली ठेवला. "कसली कार्डं?"

"पुरे आता. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी मी दुकानातून विकत घेतली होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, बये?"

"तुम्ही किती जपून खोटं बोलला होतात! मोडवेना मला."

दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "दर ओबोनला मी त्या बांधावर जाऊन बसते. यंत्र काढते. तो येतो, हाक मारतो. खाली शब्द असतो, पळ. मी बटणाला हात लावत नाही."

"मग?"

"मग काय? सेल संपेपर्यंत थांबते. गेल्या वर्षी नवे सेल होते, संपेचनात. आई शोधत आली काठी टेकत. एक्याऐंशीची आहे. म्हणाली, उन्हात एकटी काय करतेस? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं हाक मारली होती, आई, आणि मी पळाले, असं सांगून टाकलं."

मला तिच्याकडे बघवेना. "काय म्हणाली आई?"

"काहीच नाही," मियोको म्हणाली. "माझ्या शेजारी बसली. यंत्र घेतलं आणि कानाला लावलं."