एक्कावन्नावा न्यूट्रॉन

पांढरकवड्याची कहकशां पीएच.डी. करत होती. हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या मोहिउद्दीनमियांची ही एकुलती लेक. ती एका कॉलेजात तासिकेवर पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात अणूच्या केंद्रकांची कवचांप्रमाणे वर्गवारी करायची. केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या कवचांत क्रमाने भरत जातात. शेवटचा एकटा उरलेला कण कोणत्या जागी बसतो, यावरून त्या केंद्रकाचा स्पिन, म्हणजे फिरकीचा आकडा, सांगता येतो. अशा तीनशे केंद्रकांचा तक्ता तिने सहा वर्षांत केला. न्यूट्रॉनांची पडताळणी शेवटी करू, असं तिचे मार्गदर्शक म्हणाले होते. ते मध्येच वारले.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना तिने झिर्कोनियम घेतलं. एक्कावन्न न्यूट्रॉन. पन्नासांनी कवच भरतं, एक्कावन्नावा बाहेर. तिच्या तक्त्यात स्पिन साडेतीन होता. प्रयोगात मोजलेला, अडीच. तिने पुन्हा पाहिलं. प्रोटॉनांच्या जागांचा क्रम तिने न्यूट्रॉनांनाही तसाच लावला होता; पन्नासनंतर तो वेगळा असतो. पुढची निम्मी वर्गवारी त्यावरच उभी होती.

"कोण पाहून राह्यलं? देऊन टाक," रसायनशास्त्र शिकवणारी निकिता म्हणाली. "मुदतवाढ तर आधीच संपली तुही."

"मले दिसलं ना," कहकशां म्हणाली.

तिने प्रबंध दिला नाही. नोंदणी रद्द झाली.

अब्बा लकव्याने खाटेवर होते. ती पायाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं.

"एक आकडा चुकला, त्याच्यासाठी?"

"एक नाही, अब्बा. त्याच्यामागचे सगळे."

"मले काही समजत नाही बेटा," ते अडखळत म्हणाले. "पन तू सांगाले नव्हतं पाह्यजे. मी खुशीनं मेलो असतो."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांनी अभ्यासाचं कधी विचारलं नाही, आणि पौषात ते गेले. ते वाक्य तिच्यापाशी राहिलं.

नव्या नोंदणीसाठी ती दोन प्राध्यापकांना भेटली. दोघांनीही विषय जुना झाला म्हणून सांगितलं. तक्ता मात्र तिने घरीच दुरुस्त केला. त्याला चार महिने लागले. अकरा केंद्रकं कोणत्याच जागी नीट बसेनात. त्यांच्यापुढे तिने 'माहीत नाही' असं लिहिलं, वही कपाटात ठेवली, आणि अकराच्या तासाला निघाली.