पाव तासाची शेंग

त्या आठवड्यात शेतीला दिवसाचे चारच तास लाइट होती. विहिरीवर मोटार एक आणि कांद्याची लागण दोघांची, माझी आणि धाकट्या दिराची. एकाचं रान पुरतं भिजायला साडेतीन तास लागतात. लागणीला तीन दिवस झाले होते, रोपं माना टाकत होती. आज ज्याला पाणी मिळणार नाही त्याची बरीच रोपं जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

असं अडलं की आमच्याकडे तीन पत्ती लावतात. ही पद्धत सासऱ्यांची. प्रत्येकाला भुईमुगाच्या आठ शेंगा, एक शेंग म्हणजे मोटारीचा पाव तास. मधेच पानं टाकली किंवा हरलो तर हातात उरलेल्या शेंगांएवढं पाणी आपलं, डावातल्या शेंगांचं जिंकणाऱ्याचं.

नवरा चाकणला कामावर, म्हणून मीच बसले. मोटारीच्या खोलीत आम्ही दोघंच. मला दोन राण्यांची जोडी आली. दिराची तऱ्हा माझ्या हिशेबाच्या वहीत कधीचीच लिहिलेली होती: पानं चांगली असली की एकदाच बघतो, हलकी असली की सारखी बघतो. त्या दिवशी त्याने चारदा बघितली. एकदा तर दाराच्या उजेडात धरून.

सुरुवातीची एकेक शेंग आणि वर एकेक चाल झाली. मग त्याने एकदम चार शेंगा सरकवल्या.

"टाका पानं, वैनी. दीड तासाचं पाणी तरी ऱ्हाईल."

"तुम्हीच टाका, भावजी. घाम फुटलाय तुम्हाला."

"पत्र्याखाली कुणाला न्हाई फुटत?"

दीड तासात निम्मं रान वाचलं असतं. मी वहीवर भरवसा ठेवला, चार शेंगा टाकल्या आणि शो मागितला.

त्याने पानं मांडली आणि मलाच विचारलं, "बघा बरं, तिन्ही किलवर हायत ना? आताशा मला इस्पिक अन् किलवर एकच दिसतंय."

तिन्ही किलवरच असतील तर रंग झाला आणि माझी जोडी हरली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मधलं इस्पिक आहे म्हटलं असतं, तर त्याने मुकाट्याने पानं गोळा केली असती. स्टार्टरवरचा दिवा लागला. लाइट आली होती.

"किलवरच आहेत," मी म्हटलं. "तिन्ही."

माझ्या अर्ध्या तासात बांधाकडचे चार वाफे भिजले. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना पाणी पोचलं तेव्हा वरच्या सहा वाफ्यांतली रोपं वाळून गेली होती. संध्याकाळी वहीतली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: सोमवारी जुन्नरला जाताना भावजींना बरोबर नेणे, डोळे तपासून घेणे.