भुजंगने मोटारीला नाकं लावली

गंगाखेडच्या भुजंगला लोक डायवरसाहेब म्हणत आणि म्हणताना हसत. हसण्याचं कारण त्यानेच पुरवलेलं होतं. जागिरी गेल्यावर एका जागीरदाराने विकायला काढलेली जुनी मोटार त्याने घेतली होती. राणीसावरगावापर्यंत तो सवाऱ्या नेई, आणि त्याची स्वतःची बायको त्याच राणीसावरगावी माहेराला बैलगाडीतून जाई.

मनकर्णेचं काही चुकत नव्हतं. बावन्न साली ती एकदाच मोटारीत बसली होती. घाट उतरताना ब्रेक तापले, धरेनासे झाले आणि मोटार पायथ्याच्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबली. केसांतला कडबा काढत ती उतरली आणि म्हणाली, "ह्या डब्यात पुन्हा न्हाई."

सवाऱ्यांना हे पाठ होतं. "डायवरसाहेब, घरचं माणूस बसंना, अन् आमी बसावं?"

"तुमी कुठं माझ्या घरचे?" भुजंग म्हणे आणि सगळ्यांच्या आधी हसे. पण रस्त्यात मनकर्णेची बैलगाडी ओलांडून पुढे जावं लागलं, की त्याला हसू येत नसे.

त्रेपन्नच्या दसऱ्याआधी एका सकाळी बशीतल्या चहावर फुंकर मारताना त्याला अक्कल सुचली. चहा निवतो, मग ब्रेक का निवू नयेत? फुंकायला माणूसही नको. मोटार धावली की वारा आपोआप लागणार. तो तडक सटवाजीकडे गेला. सटवाजी रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून नरसाळी, चाळण्या करत असे.

"केवढं नरसाळं पायजे?"

"माझं डोकं मावंल एवढं. दोन."

"मग लहानच पुरंल," सटवाजी म्हणाला.

दोन्ही नरसाळी मोटारीच्या पुढच्या बाजूला खाली बसवली, तोंडं वाऱ्याकडे. मागच्या निमुळत्या टोकांना ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या नळ्या बांधल्या आणि चाकांमागच्या पत्र्याला भोकं पाडून त्या ब्रेकांपर्यंत नेल्या. मग भुजंग रिकामी मोटार घेऊन तीनदा घाट उतरला. पूर्वी चाकातल्या ब्रेकच्या डब्यावर थुंकी टाकली की चर्र वाजे. आता ती नुसती ओघळली. त्या ओघळाकडे तो इतका वेळ कौतुकाने पाहत बसला, की वाटेने जाणाऱ्या मेंढपाळाने काय हरवलं म्हणून विचारलं.

भाऊबीज झाल्यावर तो मनकर्णेला आणायला गेला.

"तीनदा उतरून आलो," त्याने सांगितलं.

"कोण व्हतं संगं?"

"कुणी न्हाई."

"म्हंजे कुणी बघितलं न्हाई." तिने गाठोडं बांधायला घेतलं. "येते. पण हा एकच डाव. आज काय झालं तर जल्मात पुन्हा मोटारीचं नाव काढायचं न्हाई."

भुजंगने मान हलवली. तेवढ्यात त्याच्या सासूबाई छबूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. जावयाने काही नवं केलं म्हणजे त्याची पूजा आलीच.

"जावईबापू, हे काय म्हणायचं?"

"नाकं हायत, मामी. मोटार ह्यातून दम घेती."

छबूबाईंनी दोन्ही नाकांना हळदकुंकू लावलं आणि दिवाळीतले झेंडूचे जाड हार त्यांवर चढवले. शेजारणींनी आपापले हार आणून भर घातली. भुजंग डोक्याचा रुमाल सारखा करून उभा होता. एवढा मान त्याला लग्नातही मिळाला नव्हता. वाटेत हार पडू नयेत म्हणून त्याने स्वतःच्या हाताने ते आत कोंबले आणि वरून सुतळी बांधली.

"अवो, वारा कुठून जाईल?" मनकर्णेने विचारलं.

"फुलं हायत ती, दगुड न्हाईत."

आयुष्यात बोललेल्या मूर्ख वाक्यांत भुजंग पुढे ह्याला पहिला नंबर देई, आणि त्या नंबरासाठी चढाओढ कमी नव्हती.

अर्धा घाट उतरला आणि वास आला. आधी फुलं भाजल्याचा, मग रबराचा. ब्रेक दाबला तर पाय पार खाली गेला. त्याने पहिला गिअर टाकला, मोटार डोंगराच्या बाजूला घासत नेली आणि एका दगडाला टेकवली. चाकांतून धूर निघायला लागला.

मनकर्णा गाठोडं घेऊन उतरली. मोटारीच्या नाकांपुढे बसली, सुतळी तोडली आणि ओंजळी भरभरून झेंडू बाहेर काढू लागली.

मागून माहेरच्याच आप्पारावांची बैलगाडी आली. "ये बाय, बस. डायवरसाहेबांचं चालू दे."

भुजंगने गाठोडं उचललं आणि स्वतःच गाडीत ठेवायला निघाला. "जा तू," तो म्हणाला. "तू म्हणली तसंच झालं."

मनकर्णेने रिकाम्या नरसाळ्यात हात घालून पार मागपर्यंत चाचपलं. मग उठून नवऱ्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

"तुमी व्हा पुढं, मामा," ती आप्पारावांना म्हणाली. "नाकात बोळा कोंबल्यावर तुमचे बैल तरी चालतील का? खोट नळ्यांत न्हाई. कुठं हाय ते मला ठाऊक हाय."

आप्पाराव बैलांना चुचकारत हसत गेले. चाकं निवेपर्यंत दोघं दगडावर बसून राहिली. मग मनकर्णा मोटारीत बसली, मागे नाही, त्याच्या शेजारी.

"काय सांगू तुला, ह्या नळ्यांची खुबी अशी..." भुजंगने सुरुवात केली.

"हळू उतरा," मनकर्णा म्हणाली, "अन् तोंड मिटा. वारा तिकडं जाऊ द्या."