एकशे वीस पावलं

बावीस वर्षं शहरातली अंतरं पावलांनी मोजणाऱ्या बाईंना सगळे मोजणीबाई म्हणत. बस, रिक्षा आणि भाड्याच्या सायकली एकाच आवारात आणायचा आराखडा त्यांचाच. बसस्थानकात बस थांबते तिथेच त्या चुन्याने जागा आखत होत्या, तेवढ्यात रिक्षावाल्यांचा म्होरक्या धावून आला. "आमचा स्टँड उठवता? पोटावर पाय देता?" म्हणत त्याने बाईंच्या डोक्यात पाना घातला. कपाळ फुटलं. दुसरा फटका पडायच्या आत बाईंनी रिकामं घमेलं त्याच्या नाकावर हाणलं. मग रक्त पुसत, मोठ्याने पावलं मोजत त्या फाटकाबाहेरच्या स्टँडवर उभ्या त्याच्याच रिक्षात जाऊन बसल्या. "एकशे वीस! बसमधून उतरलेल्या म्हातारीने एवढं चालायचं? म्हणून तुला बसच्या दाराशी आणतेय, मुडद्या! चल आता दवाखान्यात, टाके दोघांनाही पडायचेत."