तारप्याकडे पाठ करायची नसते

परवा रविवारी सिल्व्हर पार्कजवळच्या हॉलमध्ये नवसूचा सत्कार होता आणि मी घरून निघालो तोच जळफळत...

नवसू म्हणजे आमच्या शाळेचा शिपाई. पन्नास वर्षांपूर्वी जव्हारकडच्या एका पाड्यावर मी नवा मास्तर होतो. डोळे मिटून, चालीवर कविता म्हणायचो... आणि डोळे उघडले की अख्खा वर्ग खिडकीकडे! बाहेर नवसू तारपा फुंकत बसलेला. स्वतःच्या छपरावर वाढवलेल्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य. त्याच्यापुढे माझी वृत्तं कोण ऐकणार? मी उठून खिडकी लावून घ्यायचो.

पुढे माझी बदली झाली. नवसू मात्र पाड्यावरून जिल्ह्याच्या मेळ्यात, तिथून दिल्लीला आणि चक्क पॅरिसला वाजवून आला. माझ्या कविता पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डापलीकडे गेल्या नाहीत.

सत्काराला मी स्वागताची कविता म्हणणार होतो. आठ दिवस घोकत होतो. ऐनवेळी निवेदन करणारी मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, टाइम नाहीये ना... आपण ती ग्रुपवर टाकूया, चालेल?"

चालेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तारपा सुरू झाला, हॉल डोलायला लागला. मला बघवेना... तडक उठलो, दाराकडे वळणार तोच पाय अडले. नाचताना तारप्याकडे कोणी पाठ करत नाही, हा पाड्यावरचा रिवाज. मी तर नाचतही नव्हतो! पण पाय ऐकतील तर ना... शेवटी तोंड नवसूकडे ठेवून उलटा उलटा दाराकडे निघालो.

एका खुर्चीला धडकलो, मग दुसरीला. लोकांना वाटलं, काका नाचतायत! टाळ्या पडल्या. नवसूबरोबर आलेल्या, त्याच्याभोवती फेर धरून नाचणाऱ्या बायकांनी माझे हात धरून मला सरळ फेरात ओढलं. नवसूचा श्वास तुटत नव्हता, पण डोळे हसत होते.

संपल्यावर घाम पुसत म्हणाला, "गुर्जी, तेवा तं खिडकी लावून घेयाचे... आज नाचलेत!"

म्हणजे खिडकी त्याच्या लक्षात होती.

मत्सर गेला म्हणालो तर खोटं होईल. आज पेपरात त्याचा मोठा फोटो बघून चहा कडूच लागला... मग नीट पाहिलं, तर कोपऱ्यात उलटा चालणारा मी. नाव छापलेलं नाही. तरी कात्रण कवितेच्या वहीत चिकटवलंय... आभार, नवसू.