व्हर्ब सरांचा चालू वर्तमानकाळ

आमचे इंग्रजीचे सर बोलणाऱ्याला वाक्याच्या मध्येच अडवत. "क्रियापद कुठाय?" आमच्या बोरी अरबच्या बाजारातली भाजीवालीही यातून सुटली नाही. सगळं गाव त्यांना व्हर्ब सर म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं.

सर बंजारा तांड्यावरचे. घरी गोरबोली, शाळेत मराठी, मग इंग्रजी. "मी इंग्रजीत तिसऱ्या दारातून आलो, म्हून मले सगळ्या कड्या ठाऊक आहेत," असं ते ऐटीत सांगत.

माझे वडील तहसील कचेरीत होते. घरात 'राह्यली' असं वऱ्हाडी तोंडातून निसटलं की आई डोळे वटारायची. सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, 'मी जाऊन राह्यलो.' शेजारी, 'आय ॲम गोइंग.' "शहरातल्या पोराईले हा काळ पाठ करा लागते. तुमच्या तोंडात तो जन्मापासून आहे. गेलतो म्हणजे हॅड गॉन. लाजता कायले?" वर्गाची अर्धी भीती त्या तासालाच गेली.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला परदेशी पत्रकार आमच्याकडे फिरत. एक जण गावातल्या कांताबाईंच्या घरी आला. त्यांचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दुभाषी म्हणून सरांना बोलावलं, तर त्यांनी दहावीतल्या मलाच पुढे केलं. "तू बोल. मी बसतो."

आता शेतीचं काय, असं पत्रकाराने विचारलं.

"काय म्हणजे? कापूस लावला. मीच पाहून राह्यली," कांताबाई म्हणाल्या.

मी घाबरून सांगितलं, "शी लुक्ड आफ्टर द फार्म." त्याने हळहळत मान हलवली आणि लिहून घेतलं.

सर माझ्याकडे वाकले. "बाई राह्यली म्हणते. तू तिची शेती संपवून टाकली. आता तूच नीट कर."

माझे कान तापले. पण मी पत्रकाराला थांबवलं. "सॉरी, माय मिस्टेक. शी इज लुकिंग आफ्टर द फार्म. शी इज द फार्मर."

त्याने ओळ खोडली. पहिल्यांदाच कांताबाईंकडे नीट पाहिलं आणि बियाणं कोणतं, फवारणी कोण करतं, असं विचारू लागला. त्या तासभर बोलल्या. शेवटी पदर खोचून उठल्या, "चाल, वावर दाखवतो तुले," आणि तो मुकाट मागे निघाला.

पुढच्या वर्षी सरांची बदली मुकुटबनला झाली. एसटीपाशी आमचा जुना वर्ग होता आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन कांताबाईही होत्या. "मास्तर, तिकडच्या पोराईले बी बोलतं करजा," त्या म्हणाल्या. सरांनी पिशवी छातीशी धरली.

आता मी वणीत कोर्टाची कागदपत्रं भाषांतरित करते. एखाद्या बाईचा जबाब उतरवून झाला की तो तिला तिच्या बोलीत वाचून दाखवते आणि विचारते, "असंच म्हणालात ना?" ती 'हो' म्हणेपर्यंत पुढचं पान उलटत नाही.